लोथियन बेल : भट्टीचा जमाखर्च मांडणारा लोखंड-कारखानदार

सर आयझॅक लोथियन बेल हे एकोणिसाव्या शतकातले उत्तर इंग्लंडमधले बडे लोखंड-कारखानदार आणि त्याच तोलाचे धातुरसायनतज्ज्ञ. त्या काळात बहुतेक कारखाने फोरमनच्या नजरेवर आणि वडिलोपार्जित आडाख्यांवर चालत. भट्टी नीट चालली तर मुकादमाला बक्षीस आणि बिघडली तर दोष कोळशाचा, असा एकूण रिवाज. बेल यांनी मात्र भट्टीत काय जाते, बाहेर काय पडते आणि मधल्या मध्ये काय घडते याचा आयुष्यभर जमाखर्च मांडला. पिढीजात पैसा, पॅरिसला घेतलेले रसायनशास्त्राचे शिक्षण आणि दारात आलेले लोहपाषाणाचे घबाड, या तिन्हींचा मेळ त्यांच्या बाबतीत बसला.

त्यांचा जन्म फेब्रुवारी १८१६ मध्ये न्यूकॅसल-अपॉन-टाइन येथे झाला. वडील टॉमस बेल हे ‘लॉश, विल्सन अँड बेल’ या पेढीचे भागीदार होते. टाइन नदीच्या काठी वॉकर येथे पेढीचा लोखंडाचा कारखाना होता आणि जोडीला अल्कलीचा धंदा. पेढीचे थोरले भागीदार विल्यम लॉश यांनी जॉर्ज स्टीफन्सन यांच्याबरोबर बिडाच्या सुधारित रुळांचे पेटंट घेतले तेही १८१६ सालीच. म्हणजे लोखंड, रसायने आणि रेल्वे या तिन्ही धंद्यांची चर्चा या मुलाच्या कानावर पाळण्यात असल्यापासून पडत होती. ‘लोथियन’ हे त्यांच्या आईचे माहेरचे आडनाव. पुढे सगळे त्यांना त्याच नावाने ओळखू लागले.

टॉमस बेल यांनी मुलाला शाळेतून थेट कारखान्यात उभे केले नाही. न्यूकॅसलमधल्या शाळेनंतर एडिंबरो विद्यापीठ, मग पॅरिसला सोर्बोन असे त्याचे शिक्षण झाले. जर्मनी आणि डेन्मार्कचा प्रवास झाला, मार्सेयच्या अल्कली कारखान्यांतले कामही त्याने पाहून घेतले. इंग्लंडमधल्या कारखानदारांच्या मुलांना असे शिक्षण सहसा मिळत नसे. पुस्तकी विद्येने हात बिघडतात, असे मानणाऱ्यांचीच संख्या त्या धंद्यात जास्त होती. विशीच्या आसपास लोथियन वॉकरच्या कारखान्यात दाखल झाले. तिथे त्यांना व्यवहारातले धडे देणाऱ्यांत जॉन व्हॉन नावाचे व्यवस्थापक होते. हेच व्हॉन पुढे हेन्री बोल्कोव्ह यांच्या भागीदारीत मिडल्सब्रोला गेले आणि बेल घराण्याचे सर्वांत मोठे प्रतिस्पर्धी झाले.

१८४२ मध्ये लोथियन यांचा विवाह मार्गारेट पॅटिन्सन यांच्याशी झाला. सासरे ह्यू ली पॅटिन्सन हे नावाजलेले रसायनतज्ज्ञ; शिशातून चांदी वेगळी काढण्याची त्यांची कृती त्या काळी सर्वत्र वापरात होती. टाइनकाठच्या धंदेवाईक घराण्यांत सोयरीक आणि भागीदारी बहुधा बरोबरच होत असे. १८४४ मध्ये लोथियन यांनी टॉमस आणि जॉन या भावांना घेऊन ‘बेल ब्रदर्स’ ही पेढी काढली आणि न्यूकॅसलच्या पश्चिमेकडची वायलमची भट्टी भाड्याने घेतली. पुढच्याच वर्षी वडील वारले आणि वॉकरच्या कारखान्याचा भारही लोथियन यांच्यावर आला.

घराण्याचे नशीब पालटले ते १८५० मध्ये. त्या वर्षी जून महिन्यात जॉन व्हॉन आणि खाणतज्ज्ञ जॉन मार्ली यांना मिडल्सब्रोजवळच्या एस्टनच्या टेकड्यांत लोहपाषाणाचा जाड थर सापडला. व्हॉन ससाच्या बिळात पाय अडकून पडले आणि तिथे त्यांना खनिज दिसले, अशी दंतकथा आहे. प्रत्यक्षात दोघे त्या टेकड्या पद्धतशीर पालथ्या घालत होते. क्लीव्हलंडचा हा दगड श्रीमंत नव्हता. त्यात लोखंड जेमतेम तीस टक्क्यांच्या आसपास. पण थर जाड, काढायला सोपा आणि अफाट. शिवाय डरहॅमचा उत्तम कोक रेल्वेने थोड्याच अंतरावर मिळत होता. त्यामुळे टीज नदीच्या मुखाशी असलेल्या दलदलीत एका पिढीत एक शहर उभे राहिले. १८३१ मध्ये मिडल्सब्रोची वस्ती दीडशेच्या घरात होती. १९०१ मध्ये ती नव्वद हजारांवर गेली होती.

बेल बंधूंनी वेळ दवडला नाही. मिडल्सब्रोच्या समोर, नदीच्या उत्तर काठावर पोर्ट क्लॅरेन्स येथे त्यांनी कारखान्याची उभारणी सुरू केली आणि १८५४ पर्यंत भट्ट्या पेटल्या. नदीपलीकडच्या नॉर्मनबीच्या खाणीतला दगड बोटींतून आणला जाई. कच्च्या मालासाठी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे नाही, हे या पेढीचे धोरण होते. लोहपाषाणाच्या खाणी स्वतःच्या, कोळशाच्या खाणी स्वतःच्या, चुनखडीही स्वतःचीच. मालाची ने-आण ही मग कळीची बाब ठरली आणि लोथियन रेल्वेच्या कारभारात शिरले. १८६५ पासून मरेपर्यंत ते नॉर्थ ईस्टर्न रेल्वेचे संचालक होते.

क्लॅरेन्सच्या झोतभट्टीचे काम बाहेरून पाहिले तर साधे वाटते. क्लीव्हलंडचा दगड आधी भाजून त्यातले पाणी आणि कर्बवायू घालवायचा. मग तो दगड, कोक आणि चुनखडी भट्टीच्या तोंडातून थराथराने आत सोडायची. खालून नळ्यांवाटे तापलेल्या हवेचा झोत. कोक जळून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड वर चढताना दगडातला प्राणवायू ओढून घेतो. सुटे झालेले लोखंड वितळून तळाशी साचते, चुनखडी दगडातला गाळ घेऊन मळी होते आणि लोखंडावर तरंगते. ठरावीक वेळाने तळाचे भोक फोडले की पांढराशुभ्र रस वाळूत आखलेल्या पन्हाळ्यांतून वाहत जातो आणि कच्च्या लोखंडाच्या विटा पडतात.

बेल यांचा प्रश्न असा होता की, एक टन लोखंडाला किती कोक लागतो हे नेमके कशावर ठरते? आणि तो कुठवर कमी करता येईल? जेम्स नीलसन यांनी १८२८ मध्ये तापलेल्या हवेचा झोत वापरायला सुरुवात केल्यापासून कोकची बचत होत होती. क्लीव्हलंडमध्ये त्यात भट्टीच्या उंचीची भर पडली. अठ्ठेचाळीस फुटी भट्ट्यांच्या जागी ऐंशी फुटी भट्ट्या आल्या आणि कोक आणखी वाचला. हे पाहून कारखानदारांना चढाओढीची झिंगच चढली; फेरीहिलच्या कारखान्यात तर उंची शंभर फुटांच्या वर गेली. बेल यांनी प्रयोगशाळेत आणि चालू भट्टीवर मोजमापे घेतली, वेगवेगळ्या उंचीवरच्या वायूचे नमुने तपासले, उष्णतेचा हिशेब आकड्यांत मांडला आणि या हौसेला मर्यादा आहे असे सांगितले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : भट्टीतला सगळाच्या सगळा कार्बन मोनॉक्साइड दगडावर खर्च होऊ शकत नाही. तयार होणारा कार्बन डायऑक्साइड एका मर्यादेनंतर उलट क्रिया सुरू करतो, शिवाय तो तापलेल्या कोकलाच खातो. वर जाणारा वायू आपली उष्णता खाली येणाऱ्या मालाला पुरेशी देऊन झाला की भट्टी आणखी उंच करून हाती फारसे लागत नाही. ऐंशी फूट पुरे. झोत अधिकाधिक तापवण्यालाही अशीच हद्द आहे, असे त्यांचे म्हणणे होते. यावरून चार्ल्स कॉकरन यांच्यासारख्या समव्यवसायी कारखानदारांशी त्यांचे वर्षानुवर्षे खटके उडाले. झोताच्या तापमानाबाबत बेल जरा जास्तच सावध होते, असे आज म्हणावे लागते. पण वाद घालायला दोन्ही बाजूंना आकडे लागू लागले, हे बेल यांच्यामुळे.

हे काम १८७२ मध्ये ‘केमिकल फिनॉमिना ऑफ आयर्न स्मेल्टिंग’ या ग्रंथात आले. १८८४ मध्ये ‘प्रिन्सिपल्स ऑफ द मॅन्युफॅक्चर ऑफ आयर्न अँड स्टील’ हा दुसरा मोठा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यात रसायनाबरोबर निरनिराळ्या देशांतली मजुरी, वाहतूक आणि उत्पादनखर्च यांचीही तुलना आहे. १८६९ मध्ये स्थापन झालेल्या आयर्न अँड स्टील इन्स्टिट्यूटचे ते संस्थापक-सदस्य होते, १८७३ ते १८७५ या काळात अध्यक्ष. या संस्थेचे बेसेमर सुवर्णपदक १८७४ मध्ये प्रथमच दिले गेले, ते त्यांनाच. रॉयल सोसायटीचे सदस्यत्वही मिळाले.

लोखंडाशिवायही त्यांनी बरेच उद्योग करून पाहिले. सासरे पॅटिन्सन यांच्या भागीदारीत डरहॅममधल्या वॉशिंग्टन गावी त्यांचा रसायनांचा कारखाना होता. (अमेरिकेच्या पहिल्या अध्यक्षांच्या पूर्वजांना आडनाव मिळाले ते याच गावावरून.) तिथे १८६० मध्ये त्यांनी अ‍ॅल्युमिनियम बनवायला सुरुवात केली. विजेने अ‍ॅल्युमिनियम काढण्याची पद्धत १८८६ ची. त्याआधी फ्रेंच रसायनतज्ज्ञ सेंत-क्लेर दव्हील यांच्या कृतीने सोडियमच्या साहाय्याने तो मिळवावा लागे आणि सोडियम स्वतःच महाग. त्यामुळे त्या काळी अ‍ॅल्युमिनियम ही जडजवाहिराच्या पंगतीतली चीज होती. बेल न्यूकॅसलचे महापौर असताना अ‍ॅल्युमिनियमची उंच टोपी घालून मिरवले, अशी आठवण सांगितली जाते. ती खरी असेल तर त्या काळातली ही सर्वांत खर्चिक जाहिरात म्हणायची. धंदा काही जमला नाही आणि १८७४ मध्ये उत्पादन थांबले. मिठाच्या धंद्यात मात्र यश आले. टीजकाठी जमिनीच्या पोटात खोलवर मिठाचा थर होता. क्लॅरेन्स येथे भोक पाडून त्यात पाणी सोडायचे आणि खारे पाणी वर उपसून आटवायचे, ही फ्रान्समध्ये रुळलेली पद्धत बेल यांनी आणली. १८८२ पासून ते मीठ बाजारात जाऊ लागले.

त्यांच्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका प्रसंग मात्र अपयशाचा आहे. हेन्री बेसेमर यांनी १८५६ मध्ये कच्च्या लोखंडातून हवा फुंकून मिनिटांत पोलाद करण्याची रीत जाहीर केली, पण फॉस्फरस असलेल्या लोखंडापुढे तिने हात टेकले. फॉस्फरस राहिला की पोलाद थंडीत काचेसारखे तडकते. क्लीव्हलंडचा दगड नेमका फॉस्फरसने भरलेला. लोखंड अमाप असूनही त्याचे पोलाद होत नाही, अशी टीजकाठची अडचण होती आणि रुळांसाठी जग पोलाद मागू लागले होते. पुडलिंगच्या, म्हणजे वितळलेले लोखंड ढवळून शुद्ध करण्याच्या, जुन्या भट्टीत फॉस्फरस निघून जातो, बेसेमरच्या पात्रात जात नाही. असे का? बेल यांनी उत्तर दिले : तापमान. पुडलिंगमध्ये उष्णता कमी असते म्हणून फॉस्फरस लोहभस्मात (लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये) उतरतो. या तर्कावर त्यांनी वितळलेल्या लोखंडात लोहभस्म घालून, उष्णता बेताची ठेवून ते घुसळण्याची कृती बसवली. प्रयोगशाळेत फॉस्फरस भराभर कमी होत होता.

मार्च १८७८ मध्ये लंडनला इन्स्टिट्यूटच्या सभेत बेल यांनी या विषयावर निबंध वाचला. त्यावरच्या चर्चेत मागच्या रांगेतला एक अनोळखी तरुण उठला आणि बेसेमरच्या पात्रातच आपण फॉस्फरस जवळजवळ पूर्णपणे काढला आहे, असे दोन-चार वाक्यांत सांगून खाली बसला. सिडनी गिलख्रिस्ट टॉमस हे त्याचे नाव. पोटापाण्याचा धंदा लंडनच्या पोलीस कोर्टात कारकुनी आणि रसायनशास्त्र शिकलेला संध्याकाळच्या वर्गांत. कोणी त्याची दखल घेतली नाही. टॉमस याच्या मते दोष तापमानाचा नव्हताच. पात्राच्या आतले अस्तर सिलिकायुक्त विटांचे असते, त्यामुळे मळी आम्लधर्मी होते आणि फॉस्फरसला धरून ठेवत नाही. अस्तर चुन्याच्या जातीचे केले आणि आत चुना टाकला की फॉस्फरस मळीत जाऊन बसतो. त्याचा मामेभाऊ पर्सी गिलख्रिस्ट वेल्समधल्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ होता. प्रयोग त्याने तिथे केले होते. एप्रिल १८७९ मध्ये मिडल्सब्रोला बोल्कोव्ह-व्हॉन यांच्या कारखान्यात ही कृती जाहीरपणे यशस्वी झाली आणि युरोपभरचे पोलाद-कारखानदार परवान्यासाठी धावले.

देशातला सर्वांत जाणता भट्टीशास्त्रज्ञ, पदरी पैसा, दारात खनिज, आणि कोडे सोडवले एका कारकुनाने. याचे कारण बेल यांच्या पद्धतीतच शोधता येते. त्यांनी भट्टीतल्या उष्णतेचा हिशेब इतका बारकाईने केला होता की प्रत्येक प्रश्न त्यांना उष्णतेचाच दिसे. भिंतीची वीट हाही क्रियेतला एक घटक आहे, ही गोष्ट त्यांच्या नजरेतून निसटली. नव्या कृतीचा सर्वांत मोठा फायदाही इंग्लंडला झाला नाही. लॉरेनच्या फॉस्फरसयुक्त खनिजावर जर्मनीने आपला पोलादाचा धंदा उभारला. टीजकाठचे कित्येक कारखानदार स्पेनहून फॉस्फरसरहित खनिज आणण्यातच समाधान मानत राहिले. बेल ब्रदर्सनी क्लॅरेन्सला पोलादाचा कारखाना काढला तो शतक सरता सरता.

सार्वजनिक कामांतही बेल यांचा वावर मोठा होता. न्यूकॅसलचे महापौरपद त्यांनी दोनदा भूषवले. राजकारणात ते लिबरल पक्षाचे. १८७४ मध्ये उत्तर डरहॅममधून पार्लमेंटवर निवडून आले, पण त्यांच्या प्रतिनिधींनी मतदारांना धाकदपटशा केल्याच्या तक्रारीवरून निवड रद्द झाली. पुढच्या वर्षी हार्टलपूलमधून आले आणि १८८० पर्यंत सभागृहात बसले. १८७६ च्या फिलाडेल्फिया प्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी अमेरिकेतला लोखंडाचा धंदा डोळ्यांखालून घातला. उद्या टक्कर कोणाशी होणार हे त्यांनी ओळखले होते. १८८५ मध्ये बॅरोनेट हा किताब मिळाला. न्यूकॅसलमध्ये १८७१ साली निघालेल्या भौतिक विज्ञानाच्या कॉलेजलाही त्यांचा मोठा हातभार होता.

वॉशिंग्टनला त्यांनी बांधलेल्या हवेलीत १८७२ मध्ये एक भयंकर घटना घडली. धुराड्याची काजळी काढायला आत चढवलेला सात-साडेसात वर्षांचा मुलगा धुराड्यातच मेला. लहान मुलांना धुराड्यांत चढवणे कायद्याने केव्हाच बंद झाले होते. तरी श्रीमंतांच्या घरी ते सर्रास चालू होते. हा मृत्यू पुढे बंदी कडक करण्याच्या चळवळीत उदाहरण म्हणून पुढे आला. त्याच सुमारास बेल कुटुंबाने उत्तर यॉर्कशरमध्ये राउंटन ग्रेंज हे नवे घर बांधायला काढले. वास्तुरचना फिलिप वेब यांची, सजावट विल्यम मॉरिस आणि एडवर्ड बर्न-जोन्स यांची. जेवणघराच्या भिंतींवरचा भरतकामाचा लांबलचक पट्टा मार्गारेट आणि मुलींनी कित्येक वर्षे बसून पुरा केला. मॉरिस काम करताना चिडून येरझाऱ्या घालत होते, तेव्हा बेल यांनी कारण विचारले. श्रीमंतांच्या चैनीची चाकरी करण्यात आपला जन्म चालला आहे, अशा अर्थाचे सणसणीत उत्तर त्यांना मिळाले, असा किस्सा प्रसिद्ध आहे.

चैन ज्यांच्या श्रमावर उभी होती त्यांची नोंद घराण्यातल्याच एका बाईने केली. लोथियन यांचे थोरले चिरंजीव ह्यू यांच्या दुसऱ्या पत्नी फ्लॉरेन्स बेल यांनी मिडल्सब्रोच्या भट्टीकामगारांच्या घरी वर्षानुवर्षे जाऊन चौकशी केली आणि १९०७ मध्ये ‘अ‍ॅट द वर्क्स’ हे पुस्तक लिहिले. बारकाईने पाहिलेल्या नऊशे घरांपैकी १२५ घरे पूर्ण दारिद्र्यात होती आणि १७५ त्याच्या काठावर. म्हणजे तिसरा हिस्सा. सासऱ्यांच्या ग्रंथांत एका टन लोखंडामागे किती कोक जळतो याचा हिशेब आहे आणि सुनेच्या पुस्तकात आठवड्याच्या पगारात भाडे, कोळसा आणि पाव कसा बसवायचा याचा. मालकाच्या घरातून आल्यामुळे या पुस्तकाला मर्यादा आहेत. मालकांना अवघड जाणारे प्रश्न त्यात फारसे विचारलेले नाहीत. तरीही टीजकाठच्या कामगारांच्या संसाराचे इतके तपशीलवार चित्र दुसरीकडे मिळत नाही.

ह्यू यांची पहिल्या पत्नीपासूनची मुलगी गर्ट्रूड बेल. तिचा जन्म १८६८ मध्ये वॉशिंग्टनच्या आजोबांच्या हवेलीत झाला. पुढे ती अरबस्तानची प्रवासी, पुरातत्त्वज्ञ आणि पहिल्या महायुद्धानंतर इराकचे राज्य उभे करणाऱ्या ब्रिटिश अधिकाऱ्यांपैकी एक म्हणून गाजली. १९०३ च्या दिल्ली दरबारालाही ती हजर होती. तिच्या प्रवासांना लागणारा पैसा क्लॅरेन्सच्या भट्ट्यांतून येत होता. जगभर आज बेल घराण्याचे नाव निघते ते नातीमुळे. आजोबांचे नाव धातुशास्त्राच्या इतिहासात उरले आहे.

लोथियन बेल २० डिसेंबर १९०४ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन वारले. त्याआधीच, १८९९ पासून, बेल ब्रदर्सची सूत्रे हळूहळू डॉर्मन लाँग या कंपनीकडे जाऊ लागली होती. त्या कंपनीने पुढे न्यूकॅसलचा टाइन पूल आणि सिडनी बंदरावरचा पूल बांधला. राउंटन ग्रेंज १९५० च्या दशकात पाडण्यात आले. डॉर्मन लाँगचे १९६७ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन टीजकाठचे कारखाने ब्रिटिश स्टीलमध्ये गेले, मग कोरस या कंपनीत आणि २००७ मध्ये कोरससह मुंबईच्या टाटा स्टीलकडे आले. त्यांतली रेडकारची भट्टी टाटांनी २०१० मध्ये थंड केली आणि पुढच्या वर्षी एका थायी कंपनीला विकली. तिने ती पुन्हा पेटवली. २०१५ मध्ये ती कायमची विझली. टीज नदीवरची ती शेवटची झोतभट्टी होती.